तिकिटाचा वर्ग आणि होडीतली जागा

टायटॅनिक बुडाल्यानंतर ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखाली जी चौकशी झाली, तिच्या अहवालात एक लहानसा तक्ता आहे. बोटीवर किती माणसे होती, त्यांतली किती वाचली आणि ती कोणत्या वर्गाच्या तिकिटावर प्रवास करत होती, एवढेच त्यात मांडले आहे. पहिल्या वर्गातले ३२५ पैकी २०३ उतारू वाचले, दुसऱ्या वर्गातले २८५ पैकी ११८ आणि तिसऱ्या वर्गातले ७०६ पैकी १७८. शेकडेवारीत सांगायचे तर ६२, ४१ आणि २५. बोटीवर नोकरीला असलेल्या ८८५ जणांपैकी २१२ वाचले, म्हणजे शेकडा २४. एकूण २२०१ पैकी ७११ जण जिवंत राहिले. पुढच्या काळात अभ्यासकांनी नावानिशी याद्या पडताळून या आकड्यांत थोडी दुरुस्ती केली आहे, पण उतरंड जशीच्या तशी राहिली.

हा तक्ता नुसता वर्गवार वाचला तर अर्धीच गोष्ट कळते. तोच स्त्रिया, पुरुष आणि मुले असा फोडून पाहिला की चित्र गुंतागुंतीचे होते. पहिल्या वर्गातल्या १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या, दुसऱ्या वर्गातल्या ९३ पैकी ८० आणि तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ७६. पुरुषांमध्ये पहिल्या वर्गातले १७५ पैकी ५७ वाचले, तिसऱ्या वर्गातले ४६२ पैकी ७५. सर्वांत वाईट गत दुसऱ्या वर्गातल्या पुरुषांची झाली. १६८ पैकी अवघे १४. म्हणजे तिसऱ्या वर्गातल्या बाईला जगण्याची जी संधी होती, ती पहिल्या वर्गातल्या लक्षाधीश पुरुषालाही नव्हती. त्या रात्री पहिली चाळणी बाई की पुरुष ही होती, वर्गाची चाळणी त्याखाली. पण ही दुसरी चाळणी किती बारीक होती, ते स्त्रियांच्या आणि मुलांच्या आकड्यांत दिसते. पहिल्या वर्गातल्या चार स्त्रिया बुडाल्या, तिसऱ्या वर्गातल्या एकोणनव्वद. दुसऱ्या वर्गातली चोवीसच्या चोवीस मुले वाचली. तिसऱ्या वर्गातल्या ७९ मुलांपैकी ५२ गेली.

पहिल्या वर्गातल्या त्या चौघींपैकी निदान एक आपणहून मागे राहिली. न्यूयॉर्कमधल्या मेसी या मोठ्या दुकानाचे एक मालक इसिडोर स्ट्रॉस यांच्या पत्नी आयडा यांना होडीत जागा मिळत होती, पण नवऱ्याला सोडून जायला त्यांनी नकार दिला. पहिल्या वर्गातली सगळी मुले वाचली, असे अहवाल सांगतो. ते खरे नाही. लॉरेन ॲलिसन ही दोन वर्षांची मुलगी आईवडिलांसह बुडाली. तिचा तान्हा भाऊ दाईबरोबर आधीच होडीतून गेला होता. मर्सींच्या तक्त्यातली चूक एका मुलीची आहे आणि तीही अहवालात सर्वांत नीट नोंदल्या गेलेल्या वर्गातली.

निवड करण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी होड्यांचा हिशेब पाहावा लागतो. टायटॅनिकवर एकूण वीस होड्या होत्या. प्रत्येकी ६५ माणसांच्या चौदा लाकडी होड्या, चाळीस जणांच्या दोन लहान होड्या आणि कापडी बाजू उभारून वापरायच्या, प्रत्येकी ४७ जणांच्या चार घडीच्या होड्या. सगळ्या मिळून ११७८ जागा. ब्रिटनच्या व्यापार खात्याचा नियम १८९४ सालचा होता. दहा हजार टनांवरच्या कोणत्याही बोटीला सोळा होड्या पुरे, अशी त्यातली शेवटची पायरी होती. टायटॅनिक ४६ हजार टनांची होती. कायद्याने मागितल्या त्याहून जास्त जागा तिच्यावर होत्या आणि तरीही निम्म्याच माणसांची सोय होती.

त्याहून विलक्षण बाब अशी की असलेल्या जागाही भरल्या नाहीत. होड्यांत साडेचारशेहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या. रविवार, १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बोट हिमनगाला घासली आणि पहिली होडी खाली सोडली गेली ती सुमारे एक तासाने, पाऊणच्या सुमारास. तिच्यात निम्म्याहून कमी माणसे होती. बोटीवर दिवे झगमगत होते, वाद्यवृंद वाजत होता आणि काळ्या पाण्यावर साठेक फूट खाली लोंबकळत जाण्यापेक्षा वर उभे राहणेच लोकांना सुरक्षित वाटत होते. चाळीस जणांची एक होडी तर बारा जणांना घेऊन निघून गेली. त्यांत सर कॉस्मो डफ-गॉर्डन, त्यांच्या पत्नी आणि पत्नीची सेक्रेटरी होती. बाकीचे बहुतेक खलाशी आणि भट्टीवरचे कामगार होते.

कप्तान स्मिथ यांचा हुकूम स्त्रिया आणि मुले आधी, असा होता. पहिल्या वर्गाला आधी घ्या, असा हुकूम कोणी दिला नव्हता, तसा दिल्याचा पुरावाही नाही. पण स्त्रिया आणि मुले आधी, याचा अर्थ बोटीच्या दोन बाजूंना दोन निघाले. डाव्या बाजूला सेकंड ऑफिसर लाइटोलर होते. त्यांच्या लेखी तो अर्थ फक्त स्त्रिया आणि मुले असा होता. जॉन जेकब ॲस्टर हे बोटीवरचे सर्वांत श्रीमंत गृहस्थ. आपल्या गरोदर पत्नीबरोबर होडीत बसू द्यावे, अशी विनंती त्यांनी केली. लाइटोलर यांनी ती नाकारली आणि ॲस्टर बुडाले. उजव्या बाजूला फर्स्ट ऑफिसर मर्डॉक होते. जवळपास बाई दिसत नसेल तर ते पुरुषांना बसू देत. पहिल्या वर्गातले जे ५७ पुरुष वाचले, त्यांतले बहुतेक या बाजूने गेले. कंपनीचे अध्यक्ष ब्रूस इस्मे हेही याच बाजूच्या एका घडीच्या होडीतून वाचले.

‘जवळपास बाई दिसत नसेल तर’ या शब्दांतच वर्गाचा सगळा मामला दडलेला आहे. जवळपास कोण दिसणार, हे बोटीची रचना ठरवत होती. सगळ्या होड्या सर्वांत वरच्या उघड्या डेकवर होत्या. त्या डेकचा पुढचा भाग पहिल्या वर्गाच्या फेरफटक्यासाठी होता आणि मागचा दुसऱ्या वर्गासाठी. पहिल्या वर्गाच्या खोल्या वरच्या मजल्यांवर बोटीच्या मध्यभागी होत्या, तिथून मोठा जिना थेट होड्यांपर्यंत जात असे. दुसऱ्या वर्गालाही स्वतःचा जिना आणि लिफ्ट होती. तिसऱ्या वर्गाच्या खोल्या खालच्या मजल्यांवर आणि बोटीच्या दोन टोकांना होत्या. एकटे पुरुष पुढच्या टोकाला, एकट्या स्त्रिया आणि कुटुंबे मागच्या टोकाला. या दोन टोकांना जोडणारी एक लांबलचक बोळवजा वाट ‘ई’ डेकवरून जात असे. लिव्हरपूलच्या एका रस्त्यावरून खलाशी तिला ‘स्कॉटलंड रोड’ म्हणत. तिसऱ्या वर्गातल्या उतारूंना होड्यांच्या डेकवर जाण्याचे एरवी काही कारणच नव्हते आणि परवानगीही नव्हती. त्यामुळे चार दिवस बोटीवर काढूनही त्यांतल्या बहुतेकांना होड्यांकडची वाट ठाऊक नव्हती. पहिल्या वर्गातला माणूस झोपेतून उठून ज्या जिन्याने वर गेला, त्याच जिन्याने तो रोज जेवायला जात असे.

वर्गावर्गांच्या मध्ये फाटके होती. त्यामागे निव्वळ उच्चनीचपणा नव्हता, अमेरिकेचा स्थलांतरविषयक कायदाही होता. साथीचे रोग पसरू नयेत म्हणून तिसऱ्या वर्गातले स्थलांतरित इतर उतारूंपासून वेगळे ठेवले पाहिजेत, अशी त्या कायद्याची अट होती. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची तपासणी बोटीवरच आटपत असे. तिसऱ्या वर्गाला एलिस बेटावर रांगेत उभे राहावे लागे. उघड्या डेकवरची बरीच फाटके कमरेएवढ्या उंचीची होती आणि मनात आणले तर ओलांडता येण्यासारखी. चित्रपटांनी दाखवलेली, छतापर्यंत पोहोचणारी कुलूपबंद जाळीची दारे आणि त्यांमागे कोंडलेली गर्दी हे दृश्य पुराव्यापेक्षा भडक आहे. पण फाटके बंद होती, याच्या साक्षी मात्र आहेत. अमेरिकी सिनेटच्या चौकशीत डॅनियल बकली या आयरिश तरुणाने सांगितले की जिन्याच्या माथ्यावरच्या फाटकातून लोक वर येऊ लागले तेव्हा एका खलाशाने एका उतारूला खाली लोटले आणि फाटकाला कुलूप लावले. चिडलेल्या उतारूने ते कुलूप तोडले. ओलाउस आबेलसेथ या नॉर्वेजियन उतारूने सांगितले की मागच्या डेकवरून वर जायला वाट नसल्याने लोक सामान उचलायच्या क्रेनच्या दांड्यावरून सरपटत वर चढत होते. हाच बकली, नेमके विचारल्यावर, तिसऱ्या वर्गाला इतरांइतकीच संधी मिळाली असे वाटते, असेही म्हणाला. अर्थात हे कुलूप तुटून तो स्वतः वर पोहोचल्यानंतरचे मत आहे.

फाटकांपेक्षाही खबर उशिरा पोहोचणे जास्त घातक ठरले असावे. टायटॅनिकवर ध्वनिक्षेपक नव्हते, सार्वत्रिक धोक्याची घंटा वाजवली गेली नाही. प्रत्येक खोलीवर जाऊन सांगणे, हाच मार्ग होता आणि ते काम स्ट्युअर्ड म्हणजे खोल्यांवरच्या सेवकांचे होते. पहिल्या वर्गात एकेका सेवकाकडे मोजक्या खोल्या असत. तो उतारूंना नावाने ओळखे, त्यांना जागे करून गरम कपडे घालायला सांगे, जीवरक्षक पट्टा बांधून देई. तिसऱ्या वर्गात एकेका सेवकाकडे कितीतरी माणसे होती. त्यांतली अनेक स्वीडन, फिनलंड, बल्गेरिया, सीरिया अशा ठिकाणांहून आलेली. त्यांना इंग्रजी येत नव्हते. वाट दाखवणाऱ्या पाट्या इंग्रजीत होत्या.

जॉन हार्ट हा तिसऱ्या वर्गाचा सेवक. त्याची साक्ष या सगळ्या प्रकरणात फार मोलाची आहे. स्त्रिया आणि मुलांना वर पाठवा, असा हुकूम त्याला साडेबाराच्या सुमारास मिळाला. टक्कर होऊन तेव्हा पाऊण तासाहून अधिक वेळ गेला होता. त्याने तीसेक जणांचा जथा जमवला आणि त्यांना खालच्या मजल्यांवरून जिने चढत आणि पहिल्या वर्गाच्या भागातून वाट काढत होड्यांपर्यंत नेले. मग तो परत खाली आला, आणखी पंचवीसेक जण घेऊन वर गेला. तोवर मागच्या भागात पंधरा नंबरची होडी उरली होती. तिच्यात त्याने आपली माणसे चढवली आणि अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःही बसला. तिसरी खेप झाली नाही. पहिल्या जथ्यातल्या काही बायका होडीत बसायला घाबरून पुन्हा खालच्या ऊबदार खोल्यांत परतल्याचेही त्याने सांगितले. एका माणसाने दोन खेपांत पन्नासावर जीव वर आणले. अशी नेमणूक झालेली माणसे किती होती आणि ती कधी कामाला लागली, यावर तिसऱ्या वर्गातल्या स्त्रियांचा आकडा बराच अवलंबून होता.

कुटुंबकबिला घेऊन निघालेल्यांची अवस्था सर्वांत बिकट झाली. सेज कुटुंबात आईवडील आणि नऊ मुले होती. ती फ्लोरिडात स्थायिक व्हायला चालली होती. अकराच्या अकरा जण गेले. गुडविन कुटुंबातले आईवडील आणि सहा मुले गेली. मार्गारेट राइस ही विधवा पाच मुलग्यांसह बुडाली. सहा-आठ जणांना एकत्र ठेवून अनोळखी जिन्यांतून वर नेणे अवघड होते. वर पोहोचल्यावर बाप आणि मोठा मुलगा मागे ठेवायचे, हे सांगून पटवणे त्याहून अवघड.

दुसऱ्या वर्गाची गोष्ट निराळी. या वर्गात शिक्षक, पाद्री, छोटे व्यापारी यांचा भरणा होता. त्यांच्या जिन्यातून होड्या जवळ होत्या, इंग्रजी बहुतेकांना येत होते. म्हणून त्यांच्या स्त्रिया आणि मुले वाचली. मिशनरी कुटुंबातली बारा वर्षांची रूथ बेकर आई आणि दोन धाकट्या भावंडांबरोबर आंध्रातल्या गुंटूरहून निघाली होती. भावंडे आणि आई एका होडीत बसली आणि जागा संपली, असे सांगून रूथला मागे ठेवले गेले. ती दुसऱ्या होडीत चढली आणि चौघेही वाचले. याच वर्गात ॲनी फंक ही अमेरिकी मेनोनाइट शिक्षिका होती. मध्य प्रांतातल्या जांजगीरला, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, ती मुलींची शाळा चालवत असे. आई आजारी असल्याची तार आल्यावर ती मुंबईहून बोटीने निघाली. कोळसा कामगारांच्या संपामुळे इंग्लंडहून पुढची तिची ठरलेली बोट रद्द झाली, म्हणून ती टायटॅनिकवर चढली. ती वाचली नाही.

या वर्गातल्या पुरुषांचे प्रमाण शेकडा आठ इतके खाली का गेले, याचे एक उत्तर वेळेत आहे. मागच्या बाजूच्या होड्या उशिरा, तिथे गर्दी जमल्यावर सुटल्या. रिकाम्या जागा पुरुषांनी भरण्याची वेळच आली नाही. ‘स्त्रिया आधी’ हा संकेत या वर्गाने फार काटेकोरपणे मानला, असेही म्हटले जाते. तिसऱ्या वर्गातल्या पुरुषांचे प्रमाण त्याच्या दुप्पट निघाले, कारण पुढच्या टोकाला झोपलेल्या एकट्या पुरुषांच्या पायांखाली पाणी सर्वांत आधी आले. त्यांना कोणी उठवावे लागले नाही. तिसऱ्या वर्गातल्या आठ चिनी खलाशांपैकी सहा जण वाचले. अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली आणि चिन्यांना बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार त्यांना दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या बोटीवर चढवून देशाबाहेर काढण्यात आले.

नोकरवर्गातही उतरंड होती. डेकवर काम करणाऱ्या ६६ जणांपैकी ४३ वाचले, कारण होड्या चालवायला त्यांनाच पाठवले गेले. यंत्रे आणि भट्ट्यांवरच्या ३२५ पैकी ७२, खानपान आणि खोल्यांच्या सेवेतल्या ४९४ पैकी ९७. दिवे आणि पंप चालू ठेवणाऱ्या इंजिनियरांपैकी एकही वाचला नाही, वाद्यवृंदातले आठही वादक गेले. बोट बुडाली त्या क्षणापासून कंपनीने नोकरांचा पगार बंद केला. त्या काळची रीतच तशी होती.

लंडनमधली चौकशी २ मेपासून ३ जुलैपर्यंत चालली. सरकारच्या बाजूने ॲटर्नी जनरल सर रूफस आयझॅक्स उभे होते. हेच गृहस्थ पुढे लॉर्ड रेडिंग या नावाने हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. या चौकशीत साक्षीला बोलावलेले साधे उतारू दोनच, सर कॉस्मो आणि लेडी डफ-गॉर्डन. तिसऱ्या वर्गातला एकही उतारू तपासला गेला नाही. त्या वर्गाच्या वतीने एक वकील हजर होते आणि त्यांनीही आपल्या पक्षकारांना अडवल्याचा पुरावा नसल्याचे सांगून टाकले. मर्सींचा निष्कर्ष असा की तिसऱ्या वर्गाला अन्यायाने वागवले गेले नाही. बोट सोडण्याची नाखुशी, सामान टाकून जाण्याची नाखुशी आणि बोटीच्या टोकांपासून होड्यांपर्यंत पोहोचण्यातली अडचण, ही त्यांनी दिलेली कारणे. तिन्हींत तथ्य आहे. पण ही नाखुशी ज्यांनी ऐकली, पाहिली आणि सोसली, त्यांना विचारायचे राहूनच गेले. अमेरिकी सिनेटर विल्यम ॲल्डन स्मिथ यांनी निदान तिघांना तरी विचारले.

बोट हळू बुडाली, हेही या आकड्यांचे एक कारण आहे. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने लुसिटानिया बुडवली. ती अठरा मिनिटांत गेली आणि ११९८ माणसे मेली. तिथे तिन्ही वर्गांतल्या वाचलेल्यांचे प्रमाण जवळपास सारखेच होते. बोट एका कुशीवर कलल्याने अर्ध्या होड्या निरुपयोगी झाल्या होत्या. कोण कुठल्या मजल्यावर राहतो, याला फारसा अर्थ उरला नव्हता. टायटॅनिकला दोन तास चाळीस मिनिटे लागली. हुकूम देण्याएवढा, सेवकांनी दारे ठोठावण्याएवढा, रांगा लावण्याएवढा वेळ तिथे होता. नेहमीच्या सवयी आणि नेहमीच्या वाटा चालू राहायलाही तेवढाच वेळ मिळाला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१२ साली अठरा जहाज-दुर्घटनांची तुलना केली. त्यात एकंदरीत पुरुष स्त्रियांपेक्षा जास्त वाचतात, असेच आढळले. ‘स्त्रिया आणि मुले आधी’ हा नियम समुद्रावर अपवादानेच पाळला गेला आहे. १८५२ साली बुडालेली बर्कनहेड आणि टायटॅनिक ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे.

पहाटे चारच्या सुमारास कार्पेथिया बोट आली आणि तिने होड्यांतली माणसे उचलली. प्रेते शोधायला हॅलिफॅक्सहून केबल टाकणारी मॅके-बेनेट ही बोट धाडण्यात आली. तिला ३०६ प्रेते सापडली. बरोबर नेलेल्या शवपेट्या पुरणार नाहीत, हे लवकरच लक्षात आले. पहिल्या वर्गातल्या मृतांना शवपेट्यांत ठेवले गेले, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातल्यांना ताडपत्रीत गुंडाळले गेले, नोकरांची प्रेते बर्फात ठेवली गेली. ११६ प्रेते समुद्रातच सोडावी लागली. त्यांत तिसऱ्या वर्गातले उतारू आणि नोकर यांचीच संख्या मोठी होती. कपड्यांवरून वर्गाचा अंदाज बांधला जात असे.

याच बोटीच्या खलाशांना एका लहान मुलाचे प्रेत सापडले. ओळख पटेना आणि कोणी न्यायला येईना, तेव्हा खलाशांनी स्वतः वर्गणी काढून ४ मे १९१२ रोजी हॅलिफॅक्सच्या फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत त्याला पुरले आणि वर ‘अज्ञात बालक’ असा दगड उभारला. त्याचे नाव कळायला ९५ वर्षे लागली. २००७ मध्ये डीएनए चाचणीवरून ते बालक सिडनी गुडविन असल्याचे ठरले. तिसरा वर्ग, वय एकोणीस महिने, गुडविनांच्या सहा मुलांतले सर्वांत धाकटे.